काका ऐकत नाहीत, बाबा ऐकत नाहीत

मावशी,

मी २४ वर्षांची आहे. घर इंदूरच्या राजेंद्रनगरला, नोकरी सुपर कॉरिडॉरवर एका सॉफ्टवेअर कंपनीत. कॉलेजात असताना युवा उत्सवासाठी दोन एकांकिका बसवल्या, दुसरीला पहिला नंबर मिळाला. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही. मला नाटकाची दिग्दर्शक व्हायचंय, आणि ते फावल्या वेळात नाही, पूर्ण वेळ.

सध्या आम्ही दहा जण मिळून एक दोन अंकी मराठी नाटक करून राहिलो आहोत, पण सगळं एका माणसापाशी अडलंय. वडिलांच्या भूमिकेत ५८ वर्षांचे एक काका आहेत. चाळीस वर्षं स्टेजवर काम केलेले. मी काही सांगितलं की सगळ्यांसमोर हसतात आणि म्हणतात, "बेटा, तू बस लाइट का देख ले." समोरच्या मुलीकडे बघतच नाहीत, प्रत्येक वाक्य प्रेक्षकांकडे तोंड करून ठोकतात. मी घरी येऊन रडते. पोरं म्हणतात काकांना काढून टाक, पण काढायची माझी छाती नाही आणि त्यांच्याइतकं पाठांतर दुसऱ्या कोणाचं नाही.

घरी बाबा विचारतात, "नट काम करतो, लेखक लिहितो, मग दिग्दर्शक नक्की करतो काय?" मला धड उत्तर देता येत नाही. नोकरी सोडून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची तयारी करू का? की सरळ मुंबई गाठू? मैत्रिणी म्हणतात, मराठीत काय ठेवलंय, हिंदीत कर. तुम्ही सांगा.

– दोन एकांकिकावाली

प्रिय दोन एकांकिकावाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न करिअरचा आहे. दुसऱ्यांदा लक्षात आलं की दिल्ली, मुंबई, हिंदी हे सगळं तू तीन ओळींत उरकलंस आणि काकांवर मात्र अख्खा परिच्छेद खर्च केलास. तेव्हा काकांपासूनच सुरू करू.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती भाव द्यायचा ते तुझं तू ठरव. मी इथल्याच एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि संध्याकाळी नाटकं बसवली. नाटकावर माझी चूल कधी पेटली नाही. त्यामुळे पुढचं सगळं एका हौशी बाईचं मत आहे.

माझं तिसरं नाटक चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी एकतीस वर्षांची. बापाच्या कामाला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. रामबागेतल्या एका वाड्याच्या माडीवर तालमी चालायच्या, आणि त्यांनी पहिलं वाक्य टाकलं की खालच्या बिऱ्हाडातलं मूल उठून रडायला लागायचं. प्रसंग अगदी साधा. मुलगी नोकरीसाठी गाव सोडून निघालीय. बाप म्हणतो, "जा. तुझी खोली तशीच ठेवतो." बस, एवढंच वाक्य. ते गृहस्थ हे वाक्य गडावरून तोफ डागावी तसं डागायचे. मी आठ दिवस विनवलं, "काका, थोडं कमी करा." ते कमी करायचे, म्हणजे जोर तेवढाच, आवाज फक्त खाली. ते तर जास्तच भयंकर वाटायचं.

आमचा बॅकस्टेज एक माणूस सांभाळायचा, दिवसा सराफ्यात वजनकाटे दुरुस्त करणारा. चहाच्या वेळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, यांच्या हाताला काहीतरी द्या. हात रिकामे आहेत म्हणून तोंड सुटलंय." दिवस थंडीचे होते. दुसऱ्या संध्याकाळी मी मंडईतून अर्धा किलो मटार घेऊन गेले, परात त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "काका, या प्रसंगात एवढे मटार सोलून व्हायला हवेत. बाकी तुम्हाला हवं तसं म्हणा." भावना, स्वर, चढउतार, एक अक्षर बोलले नाही. त्या भल्या माणसाने जन्मात मटार सोलले नव्हते. शेंग उलट्या बाजूने उघडायला गेले, दाणे उडाले, दोन खुर्चीखाली गेले. सगळा जीव त्या शेंगेत. तेवढ्यात मुलीने आपलं वाक्य टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. अंगठा शेंगेत तसाच रुतलेला, आणि म्हणाले, "जा. तुझी खोली तशीच ठेवतो." पुढे ती शेंग उघडलीच नाही त्यांनी. नुसती धरून बसले. माडीवर बारा माणसं होती, कोणी चहाचा कप खाली ठेवला नाही.

(पुढे रोजचा अर्धा किलो मटार आमच्या खर्चात आला, आणि सोललेले दाणे कोणी घरी न्यायचे यावरून दोघींत अबोलाही झाला. नाटक बसवताना हेही तुलाच निस्तरायचं असतं.)

त्या दिवशी मला जे कळलं ते तुला देते. नटाला परिणाम सांगून उपयोग नाही, काम सांगायचं. "दुःखी व्हा" हे काही काम नव्हे. "पत्र तिला दिसणार नाही असं उशीखाली सरकवा" हे काम आहे. "कमी करा" ऐकलं की चाळीस वर्षांच्या नटाला एवढंच कळतं की काल जन्मलेल्या पोरीला आपलं आवडलेलं नाही. "मटार सोला" यात त्याचा अपमान नाही. आणि करून तर मुळीच दाखवू नकोस. करून दाखवलंस की काका तुझी नक्कल करतील, तीही वाईट.

प्रेक्षकांकडे तोंड करायची सवय वेगळी, तिला सोपा उपाय आहे. मुलीला स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात, प्रेक्षकांच्या अगदी जवळ बसव आणि काकांची खुर्ची मागे तिरकी ठेव. आता ते प्रेक्षकांकडे बघायला गेले की मध्ये ही येते. भांडण न करता खुर्चीने काम केलं! ब्लॉकिंगचा, म्हणजे स्टेजवर कोणी कुठे बसायचं-उठायचं हे ठरवण्याचा, निम्मा उपयोग हाच असतो, फक्त नटांना सांगायचं नाही.

त्यांच्या त्या "लाइट का देख ले"चं म्हणशील तर ते टोमणा म्हणून बोलले असतील, तू सल्ला म्हणून घे. स्पॉट कुठून पडला की चेहऱ्यावर खड्डे दिसतात, निळा फिल्टर लावला की कुठल्या रंगाची साडी मरते, हे तुला येतं का? शिकून घे. आणि एखाद्या संध्याकाळी काकांना एकटं गाठून विचार की माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवायचे, हशा आला की पुढच्या वाक्यासाठी किती थांबायचे. या माणसाकडे असं काहीतरी आहे जे तुला कुठल्याच विद्यालयात मिळणार नाही. ते विचारलंस की तुमच्यातलं वय जरा कमी होईल. एवढं करूनही चारचौघांत पाणउतारा थांबला नाही, तर एकदा खासगीत स्पष्ट सांग, आणि तरीही थांबला नाही तर भूमिका काढून घे. पाठांतर दुसऱ्याचंही होतं.

आता बाबा. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही गं. जुन्या नाटक मंडळ्यांत दिग्दर्शक असा शब्दही नव्हता, तालीम मास्तर असायचे. गोविंद बल्लाळ देवल आपल्याला नाटककार म्हणून माहीत, पण किर्लोस्कर मंडळीत त्यांचा दबदबा होता तो तालीम मास्तर म्हणून. म्हणजे नाव नव्हतं तेव्हाही काम होतंच. तुमच्या दहा जणांपैकी प्रत्येकाला संहितेत वेगळं घर दिसत असणार. नेपथ्यवाल्याला वाडा दिसतो, संगीतवाल्याला फ्लॅट, काकांना दरबार. त्या दहा जणांना एकच घर दिसायला लागेपर्यंत तू झोपायचं नाहीस, हे तुझं काम. पण बाबांना हे तोंडी सांगू नकोस, पटणार नाही. त्यांना प्रयोगाचा हिशेब लिहायला बसव. हॉलचं भाडं, लाइटवाल्याचे पैसे, टेम्पो, रंगभूषा, चहा, बॅनर. माझ्या वडिलांना मी असंच अडकवलं होतं. तालमीला आले ते पावत्या गोळा करायला, आणि दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "तो दुसरा मुलगा आत येतो तेव्हा त्याला सगळं आधीच ठाऊक असल्यासारखा येतो, त्याला बाहेर जरा थांबव." दिग्दर्शक काय करतो हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

नोकरी सोडू का, असं विचारतेस. या वर्षी नको.

तुझ्या डोक्यात पूर्ण वेळ हा शब्द फार मोठा झालाय. मराठी नाटकातली केवढी तरी थोर माणसं दिवसा दुसरंच काही करत होती. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' उभं करणारे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवणारे. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रात होते. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन, सगळं सोडून पूर्ण वेळ रंगभूमीवर आले ते १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. आपल्या इंदूरचंच बघ. नाट्यभारती या इथल्या नाट्यसंस्थेत दिग्दर्शक बाबा डिक्यांच्या बरोबरीने उभे असलेले राहुल बारपुते दिवसा 'नई दुनिया' या हिंदी दैनिकाचे संपादक होते.

पण ही नावं तुझ्या बाबांच्या हाती देऊन तुला खुर्चीला बांधून ठेवावं, असाही माझा डाव नाही. हौशी माणसाला एक रोग जडतो. प्रयोग फसला की तो म्हणतो, आम्ही काय, हौशी. मला तो जडला होता. दहाबारा नाटकं बसवल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी तेच तेच करतेय, कारण माझी चूक दाखवणारं आजूबाजूला कोणी नव्हतं. सगळे माझे भाऊबंद, टाळ्या वाजवणारे. शिकायला जावं ते यासाठी. म्हणून तू जा, पण जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली संगीत नाटक अकादमीने काढलं, १९७५ पासून ते स्वायत्त आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ, दरमहा शिष्यवृत्ती मिळते. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, म्हणजे दिग्दर्शन करायचं असलं तरी आवाज, शरीर, अभिनय यांतून सुटका नाही. दिग्दर्शन आणि अभिनय अशा वाटा नंतर फुटतात. पदवी लागते, हिंदी-इंग्रजीचं कामचलाऊ ज्ञान लागतं, वयाची मर्यादा साधारण तिशीपर्यंत आहे. म्हणजे घाई नाही. आणि एक अट तुझ्या मुद्द्याची आहे: किमान सहा वेगवेगळ्या नाटकांत काम केलेलं असावं लागतं. अटी दर वर्षी थोड्याफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाच. प्राथमिक निवड वेगवेगळ्या शहरांत होते आणि त्यातून निवडलेल्यांना काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी दिल्लीला बोलावतात. तिथे पाठ केलेलं भाषण फार काळ टिकत नाही, कारण दिवसभर ते तुला दुसऱ्यांबरोबर काम करताना बघत असतात.

आता मोज. दोन एकांकिका, हे चालू नाटक तिसरं. उरली तीन. ती तिन्ही तुझी स्वतःची नकोत. दुसऱ्या कोणाच्या तरी नाटकात जा आणि म्हण, मी प्रॉम्प्टिंग करते, प्रॉपर्टी सांभाळते, लाइटचे क्यू देते. विंगेत उभं राहून दुसऱ्याचा प्रयोग बघण्यासारखी शाळा नाही. नट एन्ट्रीआधी काय करतो, कोण देवाचं नाव घेतो, कोण चप्पल शोधत फिरतो, कोणाची लय तिसऱ्या प्रयोगाला घसरते, हे समोर बसून दिसत नाही.

दिल्लीच्या आधी भोपाळचाही विचार कर. मध्यप्रदेश नाट्य विद्यालय २०११ पासून तिथे आहे, अभ्यासक्रम एका वर्षाचा. घरापासून तीन-चार तासांवर, आईच्या डब्यासकट जाता येईल एवढं. एका वर्षात आपण या कामाला उभे राहतो की नाही ते कळतं, आणि नाही राहिलो तर परतीची वाट बुजलेली नसते. मला निवडायला सांगितलं असतं तर मी तुझ्या वयात आधी भोपाळ केलं असतं. शिवाय केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठी एक शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयासाठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं; पण तिला गुरूकडे पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं, ते तुझ्यापाशी दिसत नाही. उगाच त्यामागे धावू नकोस.

मुंबईचं थोडक्यात सांगते. व्यावसायिक रंगभूमीवर दिग्दर्शकाला सुरुवातीला ठरलेली रक्कम आणि पुढे प्रत्येक प्रयोगामागे मानधन असतं, पण तिथपर्यंत निर्मात्याने बोलवायला हवं, आणि निर्माता बोलावतो ते एकांकिका स्पर्धांत, राज्य नाट्य स्पर्धेत ज्याचं काम पाहिलंय त्याला. ओळख नसताना, दाखवायला काम नसताना गेलीस तर तू खोलीचं भाडं भरायला पुन्हा सॉफ्टवेअरमध्येच नोकरी धरशील, फक्त लोकलमध्ये उभी राहून. एखाद्या दिग्दर्शकाकडे एक अख्खं नाटक, पहिल्या वाचनापासून पंचविसाव्या प्रयोगापर्यंत, सहायक म्हणून राहता आलं तर जरूर जा. त्या एका नाटकासाठी रजा टाकलीस तरी चालेल.

इंदुरात राहून नाटकावर पोट भरतं का? तिकिटांवर नाही भरत. जे भरतात त्यांचं भरतं ते शाळांच्या वार्षिक कार्यक्रमांवर, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या मुलांच्या शिबिरांवर, नुक्कड नाटकांवर. आपलं शहर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्या काळात ओला कचरा-सुका कचरा करत चौकाचौकांत नाटकं करणारी पोरं मी पाहिलीत. हसू नकोस. भर बाजारात, माइकशिवाय, रिक्षावाल्याला दहा मिनिटं थांबवून दाखव. जमलं तर रवींद्र नाट्यगृह तुला अवघड जाणार नाही.

त्या रवींद्र नाट्यगृहाचा मोह मात्र पहिल्या प्रयोगाला आवर. एवढं मोठं घर भरायचं कोणी? दीडशे माणसं तिथे पोरकी दिसतात. प्रीतमलाल दुआसारखं छोटं सभागृह घे, किंवा कोणाच्या वाड्याचा चौक. आणि तारखेची लेखी पावती घे, शिक्का मारून. आमच्या एका प्रयोगाच्या चार दिवस आधी सभागृहाने आमची तारीख एका लग्नाच्या स्वागत समारंभाला देऊन टाकली. सभागृहाचं नाव सांगत नाही. माझ्याकडे तोंडी शब्दाशिवाय काही नव्हतं. शेवटी शाळेच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली प्रयोग केला. अंधार करायचा होता तिथे शिपाई बटण बंद करायचा, आणि ते बटण प्रेक्षकांच्या मागच्या भिंतीवर होतं, म्हणून प्रत्येक ब्लॅकआउटला सगळी मुंडकी मागे वळायची. संहितेच्या लेखकाची परवानगीही अशीच लेखी घे आणि मानधन आधी पोचव. नेपथ्याला पैसे नाहीत ही सबब मी ऐकून घेणार नाही. विष्णू चिंचाळकर गुरुजींच्या गावात राहतेस, ज्यांनी फेकलेल्या फांद्या-चिंध्यांतून आयुष्यभर चित्रं उभी केली.

राहिली भाषा. यावर मी तुझ्या मैत्रिणींशी भांडायला तयार आहे.

तू पत्रात लिहिलंस, "नाटक करून राहिलो आहोत." पुण्यातल्या कोणी ते वाचलं तर लाल शाईने "करत आहोत" करेल. मी तसंच ठेवलं. ही आपली मराठी आहे. आपण भाजीवाल्याशी हिंदी बोलतो, देवघरात मराठी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. आता तुझ्या तालमीत काय होत असेल ते मी न बघता सांगते. पोरं "बाळ" वाचताना "बाल" म्हणत असतील, "ण" आणि "न" यांची सरमिसळ करत असतील, आणि संहिता पुण्यातल्या घराची असेल. मग तू त्यांना सदाशिव पेठेतल्यासारखं बोलायला लावत असशील. आणि ती बिचारी पोरं नाटक सोडून उच्चार सांभाळत असतील.

नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांचं उदाहरण आपल्या प्रदेशातलंच आहे. लंडनला शिकून आलेला हा माणूस, नाचा हे तिथलं लोकनाट्य करणारे छत्तीसगढी कलावंत घेऊन काम करायला बसला. सुरुवातीला त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेत होता आणि जीव येत नव्हता. सत्तरच्या दशकात त्यांना त्यांच्या छत्तीसगढीत बोलू दिलं, हालचालींचीही बंधनं सैल केली, तेव्हा कुठे ती माणसं स्टेजवर खरी उभी राहिली. पुढे तीच बोली परदेशात जाऊन गाजली. म्हणून मी म्हणते, मराठी की हिंदी असं विचारू नकोस. असं घर शोध ज्यात आजी मराठीत रागावते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि बाप दोघांच्या मध्ये अडकलाय. असं नाटक लिहिलेलं नसेल तर तुमच्या दहांतल्या कोणाला तरी लिहायला बसव. पुण्या-मुंबईची उत्तम नाटकं सानंद या इथल्या संस्थेच्या कृपेने शनिवार-रविवारी आपल्याला इथे बसून बघायला मिळतात. ती नाटकं ती मंडळी आपल्याहून चांगली करणार, तिथे आपण कशाला स्पर्धा करायची? आपल्या लोकमान्यनगरातल्या दिवाणखान्यात संध्याकाळी सहा वाजता काय बोललं जातं, ते मात्र त्यांना ठाऊक नाही.

चालू नाटकाचं तेवढं कर: उद्याच्या तालमीत पोरांना एकदा सगळी संहिता त्यांच्या घरच्या बोलीत म्हणू दे. वाक्यं मोडली तर मोडू देत. तू फक्त कान देऊन ऐक, कुठे त्यांचा जीव मोकळा होतो ते वहीत टिपून ठेव. काकांनाही करायला लाव; माझी खात्री आहे, ते हिंदीतच घसरतील, आणि तेव्हा पहिल्यांदाच मुलीकडे बघून बोलतील.

प्रयोगाची तारीख ठरली की कळव. पास पाठवू नकोस, तिकीट काढून येईन, आणि मागच्या रांगेत बसेन. मटारचं लक्षात ठेव, दिवाळीच्या आत प्रयोग असेल तर फार महाग पडतो. बाबांना सांग, बजेटात धरायला.

– मावशी